नानांच्या गाडीतला डास

आज सोमवार, तेरा ऑक्टोबर. सोमवारी माझ्या ड्रायव्हिंग क्लासला सुट्टी असते म्हणून गाडीची कामं आजच काढते. ही डाव्या सीटपुढच्या माझ्या ब्रेकची तार बघा, सैल झाली की पायाने दाबल्यावर गाडी जरा उशिरा थांबते, आणि शिकाऊ पोरगी स्टिअरिंगवर असताना जरासा उशीरही फार झाला. तुम्ही बसा त्या स्टुलावर, मी तार ओढता ओढता सांगते, तुम्ही लिहीत राहा, मात्र पाना मागितला की द्यायचा.

माझं माहेर पाचोऱ्याकडचं, वडील दुसऱ्यांच्या वावरात ट्रॅक्टर चालवायचे, मला मडगार्डवर बसवून न्यायचे आणि नांगरट झालेल्या वावरात स्टिअरिंग धरू द्यायचे, तिथे धडकायला काही नसतं. माझे मोठे भाऊ नाना, त्यांनी मात्र मला कधी काही धरू दिलं नाही, बाईच्या जातीला गाडी कशाला असं त्यांचं. ते एस.टी.त ड्रायव्हर लागले आणि रिटायर होईपर्यंत बस चालवली, धुळे म्हणा, चोपडा म्हणा, खानदेशातला प्रत्येक गतिरोधक त्यांना तोंडपाठ. मी लग्न होऊन जळगावला आले, आमचे हे डाळ मिलमध्ये नोकरीला, पोरं मोठी होईपर्यंत मी घरातच होते, मग लायसन काढलं आणि चालवायला लागले आणि मग हा क्लास काढला, फक्त बायकांसाठी. शाळेतल्या बाई येतात, दवाखान्यातल्या सिस्टर येतात, मारवाडी घरातल्या सुना येतात, त्यांचा डोक्यावरचा पदर आरशात बघायच्या वेळी आडवा येतो, मी म्हणते पदर खोचा, सासऱ्यांशी मी बोलते. नानांना कळलं तेव्हा ते म्हणाले, निमा, जळगावात आधीच काय कमी अपघात होतात. असे आमचे नाना.

आता काय सांगू तुम्हाला, ह्या धंद्यात मी एक गोष्ट शिकले. पोरगी नवीन असते तेव्हा फार जपून चालवते, रस्त्यावर कुत्रं दिसलं तरी पाय ब्रेकवर. मग एक दिवस मी माझा ब्रेक दाबते, तिला कळतं की बाईंच्या पायाखालीही ब्रेक आहे, आणि त्या दिवसापासून तिचा पाय आळशी होतो. समोर रिक्षा वळतेय हे तिला दिसतं, पण बाई आहेत ना, असं तिच्या डोक्यात. मुद्दाम करत नाही ती. म्हणून शेवटचे काही दिवस मी पाय वर घेऊन मांडी घालून बसते, तिला दाखवून बसते. हे आधी सांगितलं म्हणजे पुढचं नीट कळेल.

नानांचा मुलगा सागर पुण्याला असतो, सूनही तिकडेच नोकरीला, त्यांची ओवी मात्र गावाला आजी-आजोबांपाशी, पाचोऱ्याच्या शाळेत जाते, आणि तिला रोज पोहोचवायचं काम नानांचं. नानांच्या जुन्या गाडीचा डावा आरसा दोनदा फाटकाला घासून तुटला, नाना म्हणाले फाटक लोहाराने वाकडं बसवलंय, लोहाराला बोलावून फाटक सरळही केलं, तरी तिसऱ्यांदा घासला. तेव्हा सागरने नवीन गाडी घेऊन दिली. शोरूममधला पोरगा टाय लावून सांगत होता, सर, ह्यात एडास आहे, लेनच्या बाहेर गेलात तर गाडी आपणहून आत घेईल, पुढे काही आलं तर आपणहून ब्रेक मारेल. नाना त्याच्याकडे बघतच राहिले, म्हणाले, ए डास? नव्या गाडीमा डास कसाले? तो पोरगा काही हसला नाही, त्याला परत पहिल्यापासून सांगावं लागलं. मी हसले, वहिनी हसल्या, आणि तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव डासच पडलं. नाव शोभतंही त्याला, सारखं कानाशी टूं टूं करतं.

पहिले काही महिने नानांनी त्याला शिव्याच घातल्या. आपल्याकडचा रस्ता तुम्हाला माहीत आहे, समोरून उसाची ट्रॉली आली की डावीकडची चाकं खाली मातीत उतरवायची, कोणी मका वाळत घातला असला की त्याला वळसा घालून पलीकडून जायचं. तो डास म्हणायचा पांढऱ्या पट्टीच्या आत राहा, आणि स्टिअरिंग हातातून ओढायचा. वर नानांची जुनी सवय, मागच्याला पुढे जायला सांगायचं तर उजवा दिवा लावायचा, इथे सगळे ट्रकवाले लावतात, मागचा समजतो की रस्ता मोकळा आहे. डासाला वाटायचं नानांनाच उजवीकडे जायचंय. नाना म्हणायचे, बसमा जल्म गया, आते हाई माले शिकाडस. चावी फिरवली की आधी बटणं दाबून त्याला झोपवायचे आणि मग गिअर टाकायचे.

आणि मग ह्या उन्हाळ्यानंतर नाना एकदम बदलले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले तेव्हा शिव्या देत होते आणि राखीला गेले तर त्याचं कौतुक. निमा, म्हणे, हाई गाडीले बठ्ठं समजस, म्हणजे सगळं कळतं तिला. मला ते पटलं नाही. जो माणूस नवीन कंडक्टरवर महिनाभर भरवसा ठेवायचा नाही, तो यंत्रावर ठेवतोय. मी म्हटलं, नाना, डास आता चावत नाही का? ते म्हणाले, शिकनं ते आते. म्हणजे ते यंत्र शिकलं, हे नाही शिकले.

त्या राखीलाच आम्ही नानांच्या गाडीने पाचोऱ्याला जाऊन आलो. वहिनी पुढे बसल्या. माझ्या वहिनी कधी पुढे बसत नाहीत, त्यांना समोरची वाहनं अंगावर आल्यासारखी वाटतात, आणि त्या दिवशी विचारलंही नाही, सरळ पुढचं दार उघडून बसल्या आणि रस्ताभर बोलत होत्या. म्हैस शे. फटफटी उनी. तो म्हातारा मधमाच चाली ऱ्हायना. मला वाटलं घाबरतात म्हणून बोलतात. ओवी माझ्या कानात म्हणाली, आत्याआजी, आजी रोज अशीच कॉमेंट्री करते, ती आता रोज शाळेपर्यंत येते. एका ठिकाणी मोटरसायकलवाला आडवा घुसला आणि गाडीने आपणहून असा ब्रेक मारला की माझी पर्स खाली पडली, नाना म्हणाले देखं? मी बघितलं होतं. पण मी हेही बघितलं होतं की डावीकडून एक शेळी दोरी ओढत रस्त्यावर आली तेव्हा डास काही बोलला नाही, नानाही काही बोलले नाहीत, वहिनी ओरडल्या तेव्हा गाडी हळू झाली. गाडीच्या नजरेला शेळी कमीच भरत असेल, पण नाना? एस.टी. चालवताना शेळीसाठी अख्खी बस उभी करणारा माणूस.

आणखी एक, ते लिंबू. नानांनी आयुष्यात शनिवारचं लिंबू-मिरची चुकवलं नाही, बसलाही स्वतःच्या खिशातून बांधायचे. नव्या गाडीला पुढे बांधलं तर ते जाळीसमोर लोंबकळायला लागलं, तिथे डासाचा एक डोळा आहे, दुसरा वर काचेत आरशामागे, आणि मग पडद्यावर अक्षरं यायची की आता मी काम करू शकत नाही. पूर्वी नानांनी डास बंद पडला म्हणून पेढे वाटले असते. आता त्यांनी लिंबू सोडून मागच्या बाजूला बांधलं. मी विचारलं, नाना, नजर काय मागून लागते का? तर म्हणे, मागून येनारा बी देखतसच ना. माझ्या डोक्यात ते राहिलं. लिंबापेक्षा त्यांना डास मोठा झाला होता.

मग दसरा. दसऱ्याला मी गेलेच होते. ओवी आणि वहिनींनी सकाळीच गाडी धुतली, पूजा केली, आणि झेंडूचं हे एवढं जाड ओलं तोरण पुढे बांधलं, वरून खालपर्यंत. गल्लीतले सगळे आपापल्या गाड्यांची पूजा करत उभे. आम्ही देवीला निघालो, नानांनी गाडी चालू केली, तर पडद्यावर तीच अक्षरं. नानांनी तोरणाकडे बघितलं, गल्लीतल्या लोकांकडे बघितलं. दसऱ्याचं तोरण पूजा झाल्याबरोबर कोण काढणार सगळ्यांसमोर? गाडी फाटकाबाहेर काढली, कोपऱ्यापर्यंत नेली आणि थांबवली. मळमळ व्हई ऱ्हायनी, म्हणाले. मी म्हटलं, मग मी चालवते. आता तुम्ही ऐका, माझा क्लास निघाल्यापासून नाना कधी माझ्या शेजारी बसले नव्हते, बसने येतील पण माझ्या गाडीत नाही. त्या दिवशी त्यांनी चावी अशी पटकन माझ्या हातात दिली की मीच दचकले, आणि जाऊन मागे बसले. मी तोरणासकट, डासाशिवाय देवीला नेलं, परत आणलं, गाडीला काही झालेलं नव्हतं. नानांची मळमळही देवळात गेल्याबरोबर थांबली, प्रसादाचे दोन वाटे खाल्ले.

घरी येऊन जेवायला बसलो, नाना आणि मी शेजारी शेजारी. वहिनींनी ताट वाढलं, पुरणाचे मांडे, आमटी, डावीकडे चटणी, लिंबू, कुरडई. नाना दोन घास जेवले आणि म्हणाले, आज चटणी वाढी नही का? चटणी ताटात होती, जिथे असते तिथेच, डाव्या बाजूला, मिठाच्या शेजारी. मी सांगणार तेवढ्यात वहिनी वाकल्या, वाढायच्या निमित्ताने ताट थोडंसं फिरवलं आणि निघून गेल्या. चटणी नानांच्या समोर आली, नानांनी खाल्ली. वहिनींनी इतक्या सवयीने केलं ते, जसं रोजचं दार लावावं. माझा मांडा तसाच राहिला. तीनदा घासलेला आरसा डावा, शेळी डावीकडून, चटणी डावीकडची.

त्या दिवशी घरात माणसं होती म्हणून बोलले नाही. काल रविवारी मुद्दाम गेले, नाना पारावर गेलेले, वहिनी ओट्यापाशी भाकरी करत होत्या. मी सरळ विचारलं, वहिनी, नानांना डावीकडचं दिसत नाही ना? त्यांनी भाकरी उलटली, शेकली, डब्यात ठेवली, मग म्हणाल्या, थोडं पहिलेपासून व्हतं, उन्हायापासून जास्त. डावा हातनं दिसतच नही त्यासले, मी बाजूले बसस आन सांगस. दवाखान्याचं म्हटलं की नाना ताट सोडून उठतात. एकदा डोळ्याचं निघालं की चावी जाईल, चावी गेली की ड्रायव्हर म्हणून गावात जो काय नमस्कार मिळतो तो जाईल, हे त्यांना बरोबर कळतं. मी म्हटलं, आणि ओवी? वहिनी म्हणाल्या, डास शे ना. मी शे ना. आणि मग म्हणाल्या, तू कोनले सांगू नको, आणि रडल्या नाहीत, पुढची भाकरी थापायला घेतली.

आज सकाळी सागरला फोन केला. कोणाला सांगू नको म्हटलं तरी बापाचं मुलाला सांगायला नको का? तर सागर म्हणतो, आत्या, मला अंदाज होता, म्हणून तर ही गाडी घेतली. ती आजूबाजूचं बघते. नानांकडून गाडी काढून घेतली तर ते खाटेला लागतील, तुला माहीत नाही का ते. मला माहीत आहे. त्याचं सगळंच चूक आहे असं मी म्हणत नाही, पुण्याहून त्याने जे करता येईल ते केलं. पण मी त्याला म्हटलं, सागर, मी रोज डाव्या सीटवर बसते, त्या गाडीचं जे काम तेच माझं काम. बाजूला बसणाऱ्याच्या भरवशावर जो चालवतो तो चालवतच नसतो. गाडी समजते माणूस बघतोय, माणूस समजतो गाडी बघतेय, आणि मध्ये तुझी पोरगी दप्तर घेऊन बसलीय. तो म्हणाला, दिवाळीला येतो, मग बोलू. दिवाळी येईपर्यंत शाळा आहेच की रोज.

तो पाना द्या. तार बसली आता, बघा, दाबला की लगेच धरतो.

तुम्ही विचारता मी काय करणार. खरं सांगू, मला अजून ठरवता आलेलं नाही. मोठ्या भावासमोर उभं राहून तुम्हाला दिसत नाही असं म्हणायची आमच्याकडे रीत नाही, आणि म्हटलं तरी ते म्हणतील माले बठ्ठं दखास, मग पुढे काय? चावी लपवली तर वहिनींवर येईल. डासाची तक्रार केली तर ते त्याच्याच बाजूने बोलतील. बघू. तुमचं लिहून झालं असेल तर चहा ठेवते.

* * *

हे मंगळवारचं, तुम्ही फोन केलात म्हणून सांगते, वरच्यालाच जोडून टाका.

सकाळी लवकर निघाले, क्लासच्या दोन पोरींना सांगितलं आज नाही, आणि क्लासची गाडी घेऊन गावाला गेले. ओवी गणवेशात ओट्यावर बसली होती, नाना चावी घेऊन बाहेर येत होते. मी म्हटलं, नाना, माझी गाडी एका बाजूला ओढते, तुम्ही जरा चालवून बघा, तुम्हाला कळेल. ते खूश झाले, गाडीचं मला विचारलं की ते खूशच होतात. म्हणाले, माले क्लासमा घाली देस का? ओवीला मी आजीपाशी थांबवलं.

कापसाच्या जिनिंग मिलच्या मागचा रस्ता सकाळी मोकळा असतो, तिकडे घ्यायला सांगितलं. नाना झकास चालवत होते, गिअर असे टाकत होते की मला हेवा वाटावा, म्हणाले, गाडी ते सरळ चालस, तुनाच हात वाकडा व्हई. मी पाय खाली ठेवला होता, मांडी घातली नव्हती. पुढे डावीकडच्या भिंतीपासून एक म्हैस संथपणे चालत येत होती, लपून वगैरे नाही, चांगली म्हशीएवढी म्हैस. नाना माझ्या हाताबद्दल बोलत राहिले. मी थांबले, अजून थांबले, आणि मग दाबला.

म्हैस पुढून निघून गेली, आमच्याकडे बघितलंही नाही तिने. नाना खाली आपल्या पायाकडे बघत होते, पाय अजून अ‍ॅक्सिलरेटरवर होता. तू दाबा का ब्रेक? म्हणाले. मी हो म्हटलं. कथाईन उनी हाई? कुठून आली ते विचारत होते. मी म्हटलं, डावीकडून नाना, भिंतीपासून चालत आली. एवढंच बोलले, जास्त बोलले असते तर ते भांडले असते.

 मग नानांनी गिअर न्यूट्रल केला, हँडब्रेक ओढला, चावी काढली, हे सगळं नीट क्रमाने, डेपोत बस लावल्यासारखं. खाली उतरले, बॉनेटवर हात ठेवत फिरून माझ्या दारापाशी आले आणि चावी माझ्यासमोर धरली. पोरनी शाळा भरी जाई, म्हणाले, चाल.

मी घरून ओवीला घेऊन शाळेत सोडलं, नाना मागे बसले होते, वहिनी त्यांच्या शेजारी, त्यांना रस्ताभर कॉमेंट्री करायचं कामच उरलं नव्हतं. परवा जळगावला डोळ्याच्या डॉक्टरांकडे नेते म्हटलं तर नाना हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मग प्रश्न आला उद्याचा. क्लास सोडून मी रोज जळगावहून येऊ शकत नाही, सागर दिवाळीपर्यंत येत नाही. परत येताना जिनिंगच्या मागे मी गाडी थांबवली आणि वहिनींना म्हटलं, पुढे या, उजवीकडे. त्यांना आधी कळलंच नाही, मग म्हणाल्या, मी? ह्या वयमा? मी म्हटलं, तुम्ही शिकेपर्यंत ओवीला रिक्षा लावू, दर सोमवारी सुट्टीला मी शिकवायला येते, आधी शिकाऊ लायसन काढू, आज नुसतं बसून बघा. त्या उतरल्या, नवऱ्याकडे बघितलं, पदर खोचला आणि बसल्या. स्टिअरिंग असं धरलं जसं ते पळून जाणार आहे.

मी क्लच सांगायला सुरुवात केली तेवढ्यात मागून आवाज आला, आधी आरसा देख, नंतर क्लच. मी म्हटलं, नाना, क्लास माझा आहे, तुम्ही बोलायचं नाही. ते म्हणाले, बरं. आणि वहिनींनी आरसा फिरवला, इतका फिरवला की त्यात रस्ता दिसेना, मागे बसलेले नाना दिसत होते.